नितळ पाण्यातला सोमल

मंडळी, आपण नाशिकची माणसे. लहानपणी गोदेच्या वाळूत लोहचुंबक फिरवला, की त्याला काळी बारीक पूड चिकटायची. आठवते ना? त्या पुडीत लोखंडाचे एक खनिज असते. त्याचे नाव मॅग्नेटाइट. आपल्या काळ्या दगडाची झीज होते, आणि ते नदीत येते. असे खनिज विष काढायच्या कामी येते, बरं का! ते कसे, ते आज पाहू.

सोमल म्हणजे जहाल विष. त्यातला विषारी भाग म्हणजे आर्सेनिक. काही ठिकाणी ते जमिनीतूनच पाण्यात उतरते. पश्चिम बंगालात लोकांनी तळ्याचे गढूळ पाणी सोडले. कूपनलिकेचे नितळ पाणी धरले. पण १९८३ साली कलकत्त्याचे डॉक्टर क्षितीशचंद्र साहा यांना वेगळेच रोगी दिसले. अंगावर डाग, तळहात खरखरीत. कारण पाण्यातला सोमल! त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर वाफ जाते, सोमल मागेच राहतो.

मग उपाय काय? सोमल लोखंडाच्या गंजाला चिकटतो. मॅग्नेटाइटलाही चिकटतो. पूड जितकी बारीक, तितका तो जास्त धरला जातो. पण फार बारीक पुडीच्या गुठळ्या होतात. इथे साबणाच्या जातीचा पदार्थ उपयोगी पडतो. त्याचा लेप दिला की कण सुटे राहतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली हे करून दाखवले. त्यांच्या पुडीने सोमल धरला, आणि ती पूड साध्या चुंबकाने पाण्याबाहेर ओढता आली.

मग नदीची वाळू माठात टाकायची का? छे, मुळीच नाही! ती पूड फार जाडी. शिवाय सोमल धरलेली पूडही विषारीच. ती ओढ्यात, विहिरीजवळ टाकली, तर विष फिरून घरी येईल. हे काम जाणत्या माणसांचे.

हे दुखणे मुख्यतः गंगेच्या गाळाच्या मुलखातले. आपल्याकडे काळा पत्थर. तरी बेफिकीर राहू नये. नवी विहीर खणली, बोअर घेतली, तर पाणी प्रयोगशाळेत द्यावे. "आर्सेनिकही तपासा," असे मुद्दाम सांगावे. एका लिटरात ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, एवढीच त्याची मर्यादा आहे. एवढेसे विष डोळ्यांना कसे दिसणार?

म्हणून मंडळी, पाणी नितळ दिसले तरी ते तपासूनच प्यावे.