एका जुन्या ऑर्गनचा प्रवास



ऑर्गन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातील रंगमंचापुढची पायपेटी उभी राहते. तिच्यात धातूच्या पातळ पत्त्या कंप पावतात. आज मी ज्याविषयी बोलणार आहे, तो ऑर्गन नळ्यांचा. भात्याची हवा नळीत शिरली की ती बासरीप्रमाणे बोलते. नळी जितकी लांब, तितका स्वर खर्जातला. हे वाद्य वास्तूचाच भाग होऊन राहते. ते हलवायचे म्हणजे शेकडो नळ्या एकेक करून उतरवाव्या लागतात.

तरीही इंग्लंडमध्ये, सेव्हर्न आणि एव्हन नद्यांच्या संगमावरील ट्यूक्सबरी या लहानशा शहरात असे एक फिरस्ते वाद्य आहे. इ. स. 1631 च्या सुमारास रॉबर्ट डॅलम याने ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयासाठी घडविले. पुढे यादवी युद्ध पेटले. प्रार्थनामंदिरांतील ऑर्गन काढून टाकावेत, असा हुकूम पार्लमेंटने 1644 मध्ये काढला आणि कित्येक वाद्ये नष्ट झाली. हे मात्र वाचले, आणि तेही क्रॉमवेलमुळे! उपासनेत ऑर्गन त्याच्या पक्षाला मान्य नव्हता. पण संगीत त्याला प्रिय होते. त्याने हा ऑर्गन हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात नेवविला. त्याच्या पदरी असलेला कवी मिल्टन तो वाजवीत असे, ही आख्यायिका. तिच्यावरूनच वाद्याला ‘मिल्टन ऑर्गन’ हे नाव मिळाले.

1660 मध्ये राजसत्ता परतल्यावर वाद्यही ऑक्सफर्डला परतले. तेथून 1737 मध्ये ते विकत घेऊन ट्यूक्सबरीच्या चर्चमध्ये बसविण्यात आले.

हे चर्चदेखील नगरवासीयांनी विकतच घेतलेले आहे. आठव्या हेन्रीने मठ बंद केले, तेव्हा 1540 च्या सुमारास इथला मठही गेला. मठाचे हे भव्य मंदिर जमीनदोस्त होऊ नये म्हणून गावकऱ्यांनी छपरावरील शिसे व घंटा यांची किंमत, 453 पौंड, राजाला मोजली. 1887 मध्ये याच चर्चला दुसरा एक वापरलेला ऑर्गन देणगीदाखल मिळाला. तो 1885 च्या लंडन प्रदर्शनात मांडलेला होता.

मिल्टन ऑर्गनची अंतर्रचना अनेकदा बदलली. 1997 मध्ये त्याची पुन्हा नव्याने बांधणी झाली. परंतु दर्शनी भागातील सतराव्या शतकातील नळ्या अजून जागेवर आहेत. त्या टिकल्या, कारण प्रत्येक पडत्या काळी त्यांना ठेवून घेणारे कोणीतरी भेटले.