वॉशिंग्टन: एका आडनावाचा प्रवास



वॉशिंग्टन म्हटले की आपल्याला अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष आठवतात, राजधानी आठवते. पण हे नाव मुळात इंग्लंडच्या ईशान्येला, पूर्वी डरहॅम परगण्यात असलेल्या एका गावाचे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे जमीनदार घराण्यांत वतनाचे नाव लावण्याची रीत रुजत गेली. आपल्याकडे चिपळूणकर, निफाडकर होतात तसेच हे. फरक एवढाच, की आपला माणूस बहुधा गाव सोडल्यावर त्या गावाचा 'कर' होतो. तिथला सरदार गाव ताब्यात आले की त्या गावाचा होई.

विल्यम डी हर्टबर्न याने आपले हर्टबर्न गाव डरहॅमच्या बिशपला देऊन बदल्यात वेसिंग्टन, म्हणजेच वॉशिंग्टन, घेतले. ११८३च्या 'बोल्डन बुक' या महसुलाच्या नोंदवहीत हा व्यवहार आहे. गाव बदलले, तसे घराण्याचे नावही बदलले! आडनाव रक्ताबरोबर येते असे आपण मानतो. या घराण्याकडे ते जमिनीच्या अदलाबदलीतून आले.

पुढे एक शाखा दक्षिणेकडे सरकली. लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली या लॉरेन्सने सलग्रेव्हची जहागीर घेतली. त्याच्याच वंशातला दुसरा लॉरेन्स एसेक्समध्ये धर्मगुरू होता. यादवी युद्धात संसदेच्या पक्षाने १६४३ साली त्याची जागा काढून घेतली आणि घर ओढगस्तीला लागले. त्याचा मुलगा जॉन १६५७च्या सुमारास व्हर्जिनियात उतरला. जॉर्ज वॉशिंग्टन हे या जॉनचे पणतू. घराण्याच्या ढालीवरचे दोन तांबडे पट्टे आणि तीन तांबडे तारे १९३८पासून अमेरिकेच्या राजधानीच्या ध्वजावर आहेत.

बहुतेक वंशवृक्ष इथे थांबतात. मला मात्र या नावाचा खरा इतिहास यापुढेच सुरू झालेला दिसतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे मूल नव्हते. आणि अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेत हे आडनाव लावणारी सुमारे १ लाख ६३ हजार माणसे सापडली. त्यांतली नव्वद टक्के कृष्णवर्णीय होती. ही सगळी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याच गुलामांची वंशज, असा तर्क सहज मनात येतो. पण तो टिकत नाही. मृत्युपत्राने त्यांनी ज्यांना मुक्त करायला सांगितले, ते गुलाम होते १२३. बाकीच्यांनी हे नाव कुठून घेतले? पुष्कळांनी ते स्वतः निवडले.

अशा निवडीची एक हकीकत आपल्याला कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आत्मचरित्रात मिळते. गुलामीत जन्मलेला हा मुलगा १८६५नंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत गेला. हजेरीच्या वेळी त्याच्या लक्षात आले, की इतर मुलांना किमान दोन नावे आहेत. आपल्याला फक्त बुकर. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, 'बुकर वॉशिंग्टन'. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. ज्याला कायद्याने माणूस न मानता मालमत्ता मानले होते, त्या मुलाने वर्गात उभे राहून स्वतःला आडनाव दिले. इतिहासात याहून मोठा नामकरणविधी मला माहीत नाही.

१८८१ साली याच मुलाने टस्कीगीची कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था उभारायला घेतली आणि १८९६ साली तिथे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना बोलावले. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे ती संस्था मराठी घराघरांत पोचली आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: वॉशिंग्टन आडनावाचा इतिहास जो कोणी लिहील, त्याने विल्यम डी हर्टबर्नला जेवढी पाने दिली, तेवढीच बुकरलाही दिली पाहिजेत.