भिजवली की उकळली?

देशभरातून आलेले संशोधक मित्रहो, आणि भामरागड-एटापल्लीहून रात्रीचा प्रवास करून आलेली वैदू मंडळी,

नागपुरात आपले मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने जेवणाखाण्याची आणि निवासाची व्यवस्था पाहावी, विद्वत्ता पाजळू नये, हे मला ठाऊक आहे. तरी चार मिनिटे घेतो.

परोपजीवी रोगांवरची वनस्पतिजन्य औषधे आपल्याला परकी नाहीत. या सभागृहातल्या अनेकांना तान्हेपणी आजीने वावडिंगाचे पाणी पाजले असेल. जंतांवर पळसपापडी, आमांशावर कुड्याची साल. पण आजीचे सगळेच उपाय प्रयोगशाळेत टिकतात असे नाही. कुड्यातले कोनेसिन रुग्णांना देऊन पाहिले गेले. दुष्परिणामांमुळे ते मागे पडले. किरमाणी ओव्यातल्या सँटोनिनने जंत पडत, पण रोग्याला जग पिवळे दिसू लागे.

चीनमध्ये 1967 साली हिवतापाच्या औषधासाठी गुप्त मोहीम सुरू झाली. आपल्या दवण्याच्या कुळातली चिंगहाओ ही वनस्पती तिथे तपासली जात होती. पण तिचा गुण कधी येई, कधी नाही. मोहिमेतल्या संशोधिका यूयू तू यांनी चौथ्या शतकातला गे होंग यांचा ग्रंथ पुन्हा वाचला. मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवावा, पिळावा, रस प्यावा, एवढीच कृती. उकळण्याचे नावच नाही! उष्णतेने गुण जात असावा हे ताडून बाईंनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या अर्काने उंदरांमधले हिवतापाचे परोपजीवी पार नाहीसे केले. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापाचे औषध मिळाले, आणि 2015 मध्ये बाईंना नोबेल.

आपल्याकडच्या वनौषधींच्या याद्यांत झाडाचे आणि रोगाचे नाव सापडते. साल ओली की वाळलेली, कोणत्या महिन्यात काढली, भिजवली की उकळली, हे क्वचितच. समोर बसलेल्या वैदूंना ते विचारा, आणि निबंधात त्यांचे नाव घाला.

चिंगहाओचा चहा पिण्याचा सल्ला मात्र इथून कोणी नेऊ नये. अपुऱ्या मात्रेला परोपजीवी सरावतात. कंबोडियात ती डोकेदुखी झालीच आहे. गडचिरोलीत ताप आला तर आधी रक्त तपासायचे, आणि गोळ्या पूर्ण घ्यायच्या.

बाहेर मंडपात वैदूंनी आणलेली मुळे आणि साली मांडली आहेत. जरूर पाहा, पण चाखू नका. त्यांतल्या दोन विषारी आहेत. अध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.