शाश्वत विकासाचे एम.ए. आणि पानिपतची चिंधी
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'शाश्वत विकास या विषयात एम.ए. करावे का?' तुमच्यातल्या काही जणांचे अर्ज भरणे सध्या चालू आहे असे कळले. म्हणून त्यांच्या कामी येईल तेवढेच बोलते.

मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून केमिस्ट्रीत बी.एस्सी. केले. घरातली पहिली पदवी. पुढचा रस्ता ठरलेला होता: एम.एस्सी., मग बी.एड., मग संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसणे. त्यात दिल्लीच्या एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. आंतरविद्याशाखीय एम.ए., कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल. पर्यावरणाच्या प्रेमाने मी तो कोर्स घेतला असे सांगितले तर ते खोटे होईल. 'कुठल्याही शाखेचा' आणि 'दिल्ली', एवढ्या दोन गोष्टींवर घेतला. वडील म्हणाले, "विहारात भंतेजी सांगतात सगळे अनित्य आहे, आणि तू शाश्वत शिकायला दिल्लीला चाललीस?"

पहिल्या सत्रात परिसंस्था, अर्थशास्त्र, पर्यावरणाचे कायदे, संख्याशास्त्र आणि संगणकावर नकाशे करणे, सगळे एकदम. अशा कोर्सचा एक फायदा कुणी सांगत नाही. तिथे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पेपरात अडाणी असतो. मी अर्थशास्त्राला रडत होते, तर मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळांची मुले पाण्याचा सामू काढताना माझ्याकडे येत होती. इंग्रजीचा त्रास मात्र पहिले वर्षभर होताच. वर्गात बोलायचे वाक्य मनात तयार होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची.

तोंड उघडले ते एका पुस्तकामुळे. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांचे 1992 सालचे 'धिस फिशर्ड लँड'. त्यात अशी मांडणी आहे की वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळी नैसर्गिक साधने वाटून घेतली, त्यामुळे स्पर्धा कमी झाली आणि साधने जपून वापरली गेली. विषमतेचा उल्लेख लेखकांनी केलेला आहे, नाही असे नाही. पण वर्गाने उचलले काय? बलुतेदारी किती शाश्वत होती, गावात काहीच वाया जात नव्हते! मी म्हणाले, बरोबर आहे, वाया जात नव्हते, कारण मेलेले ढोर ओढायला आणि प्रेतावरचे कापड घ्यायला आमचे आजोबा होते. वर्ग शांत झाला. मग कुणीतरी म्हणाले, आपण चहा घेऊ या का?

त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांची 2015 ची सतरा ध्येये शिकवली. दहावे ध्येय विषमता कमी करण्याचे. कुणालाही मागे ठेवायचे नाही म्हणून तिथे यादी आहे: वय, लिंग, अपंगत्व, वंश, मूळ, धर्म, आर्थिक किंवा इतर स्थिती. जात हा शब्द नाही. आपण 'इतर' मध्ये.

तिसऱ्या सत्रात क्षेत्रकार्यासाठी मी पानिपत घेतले. दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर, सकाळी लोकलने जाऊन रात्री परत येता येते, खोलीभाडे वाचते. आपल्या भाषेत पानिपत म्हणजे सपशेल हार. तिथे ते सतरंज्यांचे, चादरींचे आणि ब्लँकेटांचे शहर आहे. कारखान्यातल्या मुनीमजींनी विचारले, कुठल्या? महाराष्ट्र म्हटल्यावर खूश झाले, "मराठा!" 1761 ची लढाई, काला आमचे स्मारक, सगळे सांगून झाले. मग हळूच पुढचा प्रश्न, "मराठों में कौन?" मी सांगितले. त्यांनी चहा मागवला, पण माझा कागदी कपात आला.

तिथले काम समजून घ्या. युरोप-अमेरिकेतले वापरलेले लोकरीचे कपडे जहाजाने येतात. ते पुन्हा अंगावर घालायला विकले जाऊ नयेत म्हणून आधीच चिरलेले असतात. बाया जमिनीवर बसून त्यांची बटणे, चेन, अस्तर काढतात आणि आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यावर कापड कापतात. रंगांप्रमाणे ढीग लावतात. लाल कापडाचे सूत लालच निघते, त्यामुळे नव्याने रंगवावे लागत नाही, पाणी वाचते. मग यंत्र त्या चिंध्या फाडून पिंजते आणि त्याचे सूत होते. त्याला शॉडी म्हणतात. त्याची स्वस्त ब्लँकेटे पूर-भूकंपाच्या मदतीत जगभर जातात. समाजकल्याणच्या वसतिगृहात मी तीन वर्षे जे करडे, टोचणारे ब्लँकेट अंगावर घेतले, ते याच जातीचे होते हे मला हातात घेतल्यावर कळले. तिथल्या बायांवर मेघना गुप्ता यांचा 2012 सालचा 'अनरॅव्हल' हा छोटा माहितीपट आहे, जरूर बघा.

माझे काम होते तक्ता भरण्याचे. एक किलो सुतामागे वीज किती, पाणी किती, कार्बन किती. नव्या लोकरीशी तुलना केली तर आकडे चांगलेच दिसतात, आणि ते खोटे नाहीत. पण पिंजणाच्या खोलीत समोरचा माणूस दिसत नाही इतका तंतूंचा धुरळा असतो. तोंडाला ओढणी, बाकी काही नाही. त्या धुरळ्याला तक्त्यात रकाना नव्हता. मार्गदर्शक म्हणाले, तो सामाजिक मुद्दा आहे, दुसऱ्या पेपरात घे. मी म्हणाले, मग आंतरविद्याशाखीय कशाला म्हणायचे? शेवटी परिशिष्टात घ्यायला परवानगी मिळाली. परिशिष्ट मूळ प्रबंधापेक्षा मोठे झाले.

त्यात मी लिहिले ते थोडक्यात असे. आमच्या वस्तीत बोहारीण यायची, पण फार थांबायची नाही. भांड्यावर द्यायला जुना कपडा आमच्याकडे उरतच नव्हता, फाटला की गोधडीत जायचा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ती जाळली आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. उतरलेला कपडा कुणी हाताळायचा, हा प्रश्न आपल्याला 'चक्रीय अर्थव्यवस्था' या शब्दाच्या फार आधीपासून माहीत आहे. तो शब्द शिकायला दिल्लीला जावे लागले, हा भाग वेगळा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ला उभी राहिली, त्यातल्या बहुतेक बाया दलित. त्यांनी कचरा सोडला नाही, पण ओळखपत्र मागितले, दर मागितला, 2008 पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेतून घरोघरचे काम घेतले. पानिपतच्या त्या बायांची अशी संघटना मला दिसली नाही.

आता पैशाचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी त्या राज्याकडून मिळते, शिकायला कुठेही असा. अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पैसे उशिरा येतात आणि क्षेत्रकार्याचा खर्च आधी करावा लागतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विचारा: क्षेत्रकार्याचे पैसे कोण देते, कधी देते? दुसरे, प्राध्यापक व्हायचे असेल तर नेटच्या विषयांची यादी समोर ठेवून पदवीचे नाव तपासा. 'संबंधित विषय' या दोन शब्दांवर माझा एक अर्ज बाद झाला आहे. नोकऱ्या आहेत. सेबीने मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून असे अहवाल लिहिणारी माणसे लागतात. मी सध्या पुण्यात तेच करते. 'इतका कचरा पुनर्वापरासाठी दिला' असे एक वाक्य आले की मी फोन करून विचारते, कुणाला दिला? बहुतेक वेळा पलीकडच्याला माहीत नसते. दोनदा मात्र ठेकेदाराचे नाव आणि मजुरीचा दर मिळाला, आणि तो अहवालात गेला.

जाऊ नका असे मी म्हणणार नाही. तक्ता कसा भरतात हे शिकले नसते, तर रकाना कुठे कमी आहे हे मला कळले नसते.

माझा वेळ संपला अशी चिठ्ठी आली आहे. ज्यांनी अर्ज बरोबर आणले आहेत त्यांनी जेवण झाल्यावर या मागच्या खोलीत या. उत्पन्नाचा दाखला आणि जातपडताळणीचे कागदही घेऊन या, तिथेच बघू. जय भीम.