भिंतीच्या पोटातलं शिकवायचं कसं?

 अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी बांधकाम विषयाच्या अध्यापन साधनांचा वर्षभराचा आढावा घ्यायला हवा. तो अहवालात छापला आहे. किती शाळांत प्रोजेक्टर आले आणि किती फळे ‘स्मार्ट’ झाले ते तिथे वाचावं. माझी एकच तक्रार आहे, फार दिवसांची आहे, आणि ती लातुरात मांडायची नाही तर कुठे? बांधकामातलं जे ज्ञान माणसाचा जीव वाचवतं, ते भिंतीच्या पोटात असतं; आपली साधनं मात्र भिंतीचा चेहरा दाखवत बसली आहेत.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. गावोगावचे लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. याच लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप 6.2 च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. माणसं गेली ती घरांखाली. बाहेरून पाहावी तर दोन-अडीच फुटांची भक्कम दगडी भिंत. खरं तर त्या दोन भिंती होत्या, एक दर्शनी आणि एक आतली, मधल्या पोकळीत कपच्या आणि चिखल. दोघींना आवळून धरणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच त्या एकमेकींपासून सुटल्या, आणि डोक्यावर पांढऱ्या मातीचं जड माळवद होतं. त्याच वर्षी निघालेलं भारतीय मानक 13828 सांगतं की अशी भिंत 450 मिलिमीटरहून जाड नको, आणि उंचीत दर 60 सेंटिमीटरला, लांबीत फार तर 1.2 मीटरवर एक आरपार दगड हवा. नंतरच्या मजबुतीकरणात जुन्या भिंतींना भोकं पाडून, आत वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरलं गेलं. राहून गेलेला दगड असा उशिरा बसवावा लागला. लोकांनी मात्र सोपा धडा घेतला: दगड वाईट, सिमेंट चांगलं. आता खेड्यातही कॉलम उभे राहतात आणि त्यांतल्या सळयांना आवळणाऱ्या रिंगची टोकं 135 अंशांत आत वळवण्याऐवजी काटकोनात सोडून दिलेली असतात. धक्का बसला की अशी रिंग उघडते. काँक्रीट पडल्यावर ती पाहणार कोण? दोष होता तिथेच, पोटात राहिला; फक्त घर बदललं.

आपल्यातले तरुण सहकारी म्हणतील, याचसाठी तर ॲनिमेशन आहे. पडद्यावर भिंत उभी चिरून दाखवता येते, कॉलम पारदर्शक करता येतो. मान्य, आणि तेवढ्यापुरता पडदा फळ्याहून सरस आहे. पण आरपार दगड का राहून जातो, हे ॲनिमेशन सांगत नाही. तो लांब दगड ढिगातून निवडावा लागतो, उचलायला दोन माणसं लागतात, थर त्याच्यासाठी थांबवावा लागतो, आणि मजुरी तर फुटावर ठरलेली. रिंगचा आकडा वाकवायला जास्तीची सळई आणि मनगटाचा जोर लागतो. पडद्यावरचा दगड बोटाने सरकतो, त्याला वजन नाही. चूक अज्ञानातून जेवढी होते त्याहून जास्त कंटाळ्यातून आणि घाईतून होते. ज्या साधनाला कष्टच नाहीत, त्यावर शिकलेला मुलगा साइटवर पहिल्याच दिवशी मुकादमापुढे मान तुकवतो.

वेळेचंही तेच. चित्रफितीत स्लॅब पडतो आणि पुढच्या दृश्यात फळ्या निघतात. मधले दिवस कात्रीत गेले. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायचं असतं. पण ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ‘भरपूर पाणी मारा’ या वाक्याला अर्थ काय? स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून आळी कशी करायची, कॉलमला गोणपाट कसं गुंडाळायचं, सकाळचं पाणी दुपारपर्यंत टिकतं का, हे इथेच चित्रित झालं पाहिजे, आणि गवंड्याच्या बोलीत. त्याच्या तोंडी ‘माल’ असतो. आपण ‘मॉर्टर’ म्हणतो आणि मुलगा दोघांच्या मध्ये उभा राहतो.

मुलांनी खरी भिंत बांधूनच शिकावं म्हटलं की दुसरा आक्षेप येतो, खर्चाचा. पण सरावाच्या भिंतीला सिमेंट लागतच नाही. मातीच्या मालात बांधा, तपासा, पाडा, दगड धुऊन पुन्हा रचा. फोनचं खरं काम इथे आहे: प्रत्येक थर झाकला जाण्याआधी मुलाने त्याचा फोटो काढावा आणि गुण त्या फोटोला द्यावेत. वरचा गिलावा कितीही गुळगुळीत असो. तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही: हुशार मुलं डॉक्टरकीच्या मागे जातात, आपल्याकडे येतात ती उरलेली, त्यांच्यासाठी एवढं कशाला? परीक्षेसाठी घोटून सराव करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नचं यश मी नाकारत नाही. सरावाने काय साधतं हे त्याने राज्याला दाखवलं. मग तोच सराव थापी आणि ओळंब्याला का नको? किल्लारीनंतर 52 गावं नव्याने वसवली गेली. त्या घरांवर आज वाढीव खोल्या चढत आहेत, आणि त्या चढवणारे हात याच ‘उरलेल्यां’चे असणार. भूकंपाच्या नकाशावर तेव्हा सर्वांत सुरक्षित पट्ट्यात असलेला हा भाग 2002 मध्ये तिसऱ्या विभागात गेला. आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीला त्याचा पत्ता लागलेला दिसत नाही.

तर एक समिती नेमावी, चित्रफितींचा संच करावा, शब्दांची यादी काढावी. तपशील नंतर ठरतील, पैशाचं काय तेही पाहू. पण प्रत्येक शाळेच्या आवारात एक भिंत असावी, अर्धी गिलावा केलेली आणि अर्धी उभी चिरून उघडी ठेवलेली. पहिली कोण बांधतंय, ते जेवणाची पंगत बसण्याआधी मला येऊन सांगा.