वयाची अट आणि औषधाची कसोटी



सातारा-सांगलीकडील तरुण मंडळी पोटासाठी मुंबई-पुण्यास जातात आणि घर राखावयास वडीलधारी माणसे मागे राहतात. कर्करोग तर मुख्यतः उतारवयात गाठणारा. तेव्हा आजचा प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आतलाच आहे. वृद्धास द्यावयाचे औषध मुळात पारखले जाते ते कोणावर?

नवे औषध पारखताना रोग्यांचे दोन गट करतात. एकास रूढ उपचार, दुसऱ्यास नवा. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. परंतु चाचणीत प्रवेश मिळण्यास अटी असतात. मूत्रपिंड धड हवे, हृदय धड हवे, दुसरी व्याधी नको. या चाळणीतून वृद्ध गळतात. अमेरिकेत १९९९ साली १६४ चाचण्यांतील सोळा हजारांवर रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत पासष्ट व त्यापुढील वयाचे रोगी शेकडा २५ होते. त्या देशातील एकूण कर्करोग्यांत मात्र ते शेकडा ६३ होते.

या अटींमागे दुष्टावा नाही. दुबळ्या माणसास अपाय होऊ नये, हाच हेतू. पण परिणाम उलटा होतो. चाचणीत कडक देखरेखीखाली जे पाहावयाचे टाळले, तेच पुढे दवाखान्यात अंदाजाने करावे लागते. मात्रा थोडी दिली तर रोग बळावतो, पुरी दिली तर देह सोसत नाही.

वृद्धांवर मुद्दाम चाचणी केली की अंदाजाची जागा ज्ञान घेते. लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगात साठ ते ऐंशी वयाच्या ३९९ रोग्यांवरील चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. रूढ औषधांना रिटुक्सिमॅबची जोड देताच रोग पूर्ण हटल्याचे प्रमाण शेकडा ६३ वरून ७६ वर गेले. उलट २००४ सालच्या दुसऱ्या चाचणीत असे दिसले की, सत्तरीपुढील स्त्रियांच्या स्तनातील लहान गाठ काढून टॅमॉक्सिफेन दिल्यावर किरणोपचार वगळला, तरी आयुष्य घटत नाही. म्हणजे वृद्धास कधी अधिक उपचार हवा, कधी कमी.

परळ आपल्या लोकांना गिरण्यांच्या काळापासून ठाऊक आहे. तेथील टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या कर्करोगाच्या ३५६ रोग्यांवरील चाचणी २०२३ साली प्रसिद्ध केली. मूत्रपिंड वा कान अधू असल्यासारख्या कारणांनी ज्यांना नेहमीचे सिस्प्लॅटिन चालत नाही, असे हे रोगी. ही काही केवळ वृद्धांची चाचणी नव्हे; पण वार्धक्यात हीच कारणे आड येतात. किरणांसोबत डोसेटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षे जगणारे शेकडा ४२ वरून सुमारे ५१ झाले. नेहमी दाराबाहेर राहणाऱ्यांना आत घेतल्याचे हे फळ.

आता आपले घर पाहू. “या वयात कशाला हाल?” असे म्हणून मुले ओसरीवर निर्णय घेतात, आणि ज्याचा देह तो आत खाटेवर असतो. हे बरे नव्हे. माणूस किती चालतो, काय जेवतो, आठवण कशी आहे, इतर औषधे कोणती, हे तपासून उपचार ठरावा, जन्मसालावरून नव्हे. डॉक्टरांना विचारावे, हे औषध या वयाच्या माणसांवर पारखले आहे काय? चाचणी चालू असल्यास समजावून घ्यावी. नकार दिला तरी नेहमीचा उपचार मिळण्याचा हक्क जात नाही. होकार असो वा नकार, तो आजोबांचा, आजींचा स्वतःचा असावा.