वक्त्यानेही आभाराचं पत्र लिहावं

(अंधेरी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्यापैकी बरेच जण आता ठिकठिकाणी बोलायला जातात. शाळा, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, मोहल्ल्यातल्या बैठका. कसं बोलावं यावर सकाळपासून तुम्ही भरपूर ऐकलंत. मला बोलून परत आल्यानंतरचं काम सांगायचंय.

आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा जुनी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आज उपनगरातल्या कुठल्याही व्याख्यानाला जा, कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, भाषण आणि शेवटी आभार. ते आभार यजमान मानतात, तेही लोक खुर्च्या सरकवत चहाकडे निघालेले असताना. वक्ता शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. त्यानेही उलट आभार मानायचे असतात, हे मला तरी कोणी शिकवलं नव्हतं.

मुलुंडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने मला ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला बोलावलं. पन्नासेक मंडळी होती. मी सॉफ्टवेअरवाला, विषय हातचा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार कायद्यात नाही, फसलात तर क्षणभरही न थांबता १९३० ला फोन करा. सगळं छान चाललं होतं. मग दुसऱ्या रांगेतले एक काका उठले. म्हणाले, "मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. तरी माझे पैसे गेले. कसे?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "काका, कुठेतरी सांगितला असणार. नीट आठवून बघा."

लोक हसले. काका खाली बसले. शेजारी काकू होत्या.

परतताना घाटकोपरला मेट्रो पकडली. तिथल्या तपासणीत नारळापायी पिशवी उघडून दाखवावी लागली. गाडीत बसल्यावर संयोजक बाईंना व्हॉट्सॲप केलं, "आपण संधी दिलीत, मनःपूर्वक आभार." खाली जोडलेले हात. अंधेरी यायच्या आत माझं कर्तव्य संपलं होतं. हाच मजकूर मी जगातल्या कुठल्याही सभेला पाठवू शकलो असतो. आभार या शब्दात भार आहे, पण या मेसेजला कसलंच वजन नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी बाईंचा वेगळ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता कळलं, ते काका आता संघात येत नाहीत. घरी काहीही हरवलं की सगळे त्यांनाच म्हणतात, "नीट आठवून बघा."

मी काकांचा नंबर मिळवून फोन केला. त्यांना वीजबिल थकल्याचा मेसेज आला होता. मग एका माणसाचा फोन. त्याने 'मदतीसाठी' एक ॲप उतरवून घ्यायला लावलं. त्या ॲपमुळे काकांच्या फोनचा स्क्रीन पलीकडच्याला दिसत होता. काकांनी ओटीपी खरोखरच सांगितला नव्हता, त्या माणसाने तो वाचला होता. आणि हा प्रकार मला ठाऊक नव्हता असंही नाही. माझ्याकडे त्यावर एक स्लाइड होती. वेळ कमी पडतोय म्हणून मी ती गाळली होती.

मग मी पत्र लिहायला बसलो. संघाच्या नावाने, कागदावर, आणि काकांची परवानगी घेऊन. बोलावल्याबद्दल आभार मानले. त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न काकांनी विचारला होता, त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं उत्तर चूक होतं, हे लिहिलं. मग ती फसवणूक कशी चालते ते सोप्या भाषेत लिहिलं. माफीचं वाक्य एकच ठेवलं. पुढच्या बैठकीत पत्र वाचून दाखवा अशी विनंती केली. बाईंनी ते वाचलं. त्या दिवशी काका आले होते.

पहिल्या मसुद्यात आणखी एक परिच्छेद होता. माझा परिचय करून देताना बाई म्हणाल्या होत्या, "मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी बोलतात!" (हशा) हसताय, म्हणजे तुम्हीही हे ऐकलंय. माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, शाळा दहावीपर्यंत मराठी, असं सगळं मी जरा चढ्या आवाजात लिहिलं होतं. मग खोडलं. म्हणणं खरंच होतं, पण काकांसाठी लिहिलेलं पत्र माझ्यासाठीचं झालं असतं. पुढे मुलुंडला गेलो तेव्हा चहा पिताना बाईंना ते तोंडी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "मला कौतुकच करायचं होतं हो." मी म्हटलं, "माहीत आहे, म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

तेव्हा पत्र दोन दिवसांत लिहा, चेहरे आठवतात तोवर. बोलावणाऱ्याला लिहाच, पण माइक कोणी लावला, सतरंज्या कोणी घातल्या, त्यांची नावं निघतानाच विचारून घ्या आणि पत्रात घाला. त्याच सभेत विचारला गेलेला एक तरी प्रश्न त्यात येऊ द्या. "नंतर पाठवतो" असं स्टेजवरून बोलून गेला असाल, तर तो फॉर्म किंवा फोन नंबर सोबत जोडा. आपण हे फार विसरतो, आणि समोरचा माणूस ते लक्षात ठेवून वाट बघत असतो. मानधनाचं पाकीट मिळालं असेल तर रक्कम पोचल्याचं लिहा, छोट्या संघाच्या खजिनदाराला ते उपयोगी पडतं. स्वतःच्या व्हिडिओची लिंक मात्र नको. "पुन्हा बोलवा" तर नकोच. पोस्टकार्ड पुरतं, फक्त ते वाटेत कोणीही वाचू शकतं, तेव्हा कोणाच्या घरातली गोष्ट त्यावर लिहू नका.

मी पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आणलाय. प्रत्येकाने एक घ्या. गेल्या काही महिन्यांत जिथे बोललात, त्यातलं एक ठिकाण आठवा आणि तिथे कोणाला उत्तर द्यायचं राहिलंय ते बघा. पत्ता नसेल तर आत्ताच फोन करून विचारा. चहा साडेचारला आहे.